टेकडीवरून फक्त पाऊस दिसतो

११ मार्च, मंगळवार

गेले शेवटी त्या वर्गाला. बंबखान्यातल्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. हवामान कार्यालयाचा माणूस दर मार्चमध्ये येतो, पडद्यावर ढग दाखवतो, लोक चिली — खिमा-राजम्याचा रस्सा — आणि दालचिनीचा रोल खातात, आणि ज्यांना टेकडीवर बसून वादळावर नजर ठेवायची असते ते नाव देतात. चिली माझीच होती. शाळेच्या भटारखान्यात इतकी वर्षं रांधलंय की गावाला दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नाही. पण या वेळी पातेलं ठेवून घरी नाही आले — खुर्चीत बसले. कुजबुज झाली. होऊ दे.

कशाला गेले ते इथे लिहायला काय हरकत आहे? एमिल डुसेक कुठे चुकला ते मला शिकायचंय.

गेल्या मे महिन्यात तो दफनभूमीच्या टेकडीवर पहाऱ्याला होता. माझी बहीण मार्लिस खाली, ओढ्याकाठी, तिच्या ट्रेलरघरात. टॉर्नेडो पश्चिमेकडून आला आणि हा रेडिओवर काय म्हणाला? ‘फक्त पाऊस दिसतोय.’ भोंगा वाजला तेव्हा मार्लिसचं घर ओढ्यापलीकडे पडलेलं होतं. आणि गाव म्हणतं, बिचारा एमिल! मार्लिसला बिचारी म्हणून झालं एकदा, दफनाच्या दिवशी. एमिल अजून बिचाराच आहे.

तो पुढच्या रांगेत बसला होता, टोपी मांडीवर. हवामानवाला म्हणाला, रडार तुमच्यापासून फार लांब आहे, त्याची नजर तुमच्या डोक्यावरून जाते, म्हणून खाली माणसं लागतात. आणि मग तेच वाक्य दोन-तीनदा — जे दिसतं ते सांगा, जे वाटतं ते सांगू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. एमिलनेही.

१२ मार्च, बुधवार

अर्डिथ अंडी घेऊन आली होती, तिला सांगितलं. म्हणाली, “तुला ढग बघायचेत की माणूस?”

अर्डिथशी खोटं बोलता येत नाही. अंडी मोजून घेतली. मार्लिस गेली तेव्हा ‘देवाची इच्छा’ वगैरे न बोलता मुकाट्याने माझी भांडी घासून गेली ती ही एकटीच बाई. पश्चिमेला शेतावर एकटी राहते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंगणातल्या तळघरापर्यंत जायला तिला वेळ लागतो, तरी मुलाकडे राहायला जायचं नाव नाही. तो मुलगा, लायल, सांगून सांगून थकला. हट्टी!

३ एप्रिल, गुरुवार

नवशिक्याने पहिलं वर्ष जुन्या माणसाच्या गाडीत बसून काढायचं, अशी इथली रीत. केंटने विचारलं, कुणाबरोबर बसता? केंट बंबखान्याचा प्रमुख — एरवी टायरचं दुकान, पण भोंग्याचं बटण त्याच्या हातात. लहानपणी माझ्या रांगेत ताट घेऊन उभा असायचा, अजून मला ‘बाई’ म्हणतो.

मी म्हटलं, एमिलबरोबर.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. “बाई, दुसरंही कुणी आहे.”

“मला एमिलच हवा.”

एमिलला कळवलं तर तो फोनवर एवढंच म्हणाला, “थर्मास आण. माझा गळतो.”

१३ एप्रिल, रविवार

पहिला पहारा. दुपारभर टेकडीवर.

गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावायची, इंजिन बंद करायचं नाही. पळायची वाट आधी, ढग नंतर. एवढं एक त्याने नीट शिकवलं. मागे थडग्यांच्या रांगा, समोर सगळा पश्चिमेचा मुलूख. मार्लिसचा दगड आरशात दिसतो. त्याला सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेलच.

ढग आला आणि त्याने सुरू केलं — “काय दिसतंय?”

“टॉर्नेडोची सोंड! खाली लोंबतेय, जमिनीला टेकेल आता!”

“गरगर फिरतेय का?”

मी बघितलं. फिरत नव्हती. नुसती वर सरकत होती, विरत होती.

“मग ती सोंड नव्हे. पावसाच्या कडेला अशा चिंध्या लोंबतातच. अजून काय दिसतंय?”

अजून काय, अजून काय. शाळामास्तरसारखं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका नवशिक्याने चिंध्या बघून ओरड केली होती, केंटने भोंगा वाजवला, शाळेचा पदवीदान समारंभ मोडला, पोरं पदवीच्या झग्यांसकट तळघरात — आणि वर निरभ्र आभाळ. गाव वर्षभर केंटला हसलं. तेव्हापासून केंट डोळ्यांनी दिसल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

सगळा वेळ एमिलची खिडकी उघडी, हात बाहेर. पाऊस आला तरी बाहेरच. बाही भिजली. मी कुडकुडत होते, म्हटलं काच लावा की. नको म्हणाला. मग रेडिओ उचलला — ‘टेकडी. फक्त पाऊस दिसतोय.’

तेच शब्द. तोच आवाज! थर्मास हातात होता तो तसाच गच्च धरून बसले. वाटलं, फेकून मारावा.

१४ एप्रिल, सोमवार

घसा बसला. त्याच्या त्या खिडकीमुळे.

२७ एप्रिल, रविवार

आज सापडलं.

परत येताना गाडी तो चालवत होता. हल्ली मलाच चालवायला देतो, ‘तुला सवय हवी’ म्हणून — पण आज माझा हात दुखत होता. समोरून लायलचा ट्रक आला. लाल, बैलाएवढा, कुणालाही अर्ध्या मैलावरून ओळखू येईल असा. लायलने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. एमिलने उचलली नाहीत.

आमच्याकडे समोरून येणाऱ्या गाडीला बोटं न उचलणं म्हणजे तोंडावर थुंकणं. भावाभावांचे कोर्टात खटले चालू असतात आणि तिकडे जाताना रस्त्यात ते एकमेकांना बोटं उचलतात! आणि एमिल डुसेक तर खांबालाही बोटं उचलेल असा माणूस. ट्रक शेजारून गेला, इंजिनाचा आवाज आला, तेव्हा त्याने उचलली. रिकाम्या रस्त्याला.

म्हणजे दिसत नाही. लाल ट्रक दिसत नाही!

‘काय दिसतंय, ट्वायला? अजून काय दिसतंय?’ — मी समजत होते शिकवतोय. शिकवत नव्हता. विचारत होता. आंधळा माणूस टेकडीवर बसवला होता यांनी, आणि खाली माझी बहीण.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी अर्डिथकडे. उंबऱ्यातच विचारलं — एमिलला दिसत नाही, तुला माहीत होतं?

तिने चहाचं आधण बंद केलं. म्हणाली, “ब्लांश बघायची. तो बोलायचा. कितीतरी वर्षं तसंच चाललं होतं.”

ब्लांश त्याची बायको. मार्लिसच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. म्हणजे गेल्या मे महिन्यात त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. आणि हे सगळ्यांना माहीत होतं! केंटला, पाद्र्याला, कॉफीच्या दुकानातल्या टोळक्याला. मी भटारखान्यात मान खाली घालून बटाटे सोलत होते, मला तेवढं माहीत नव्हतं.

“मग कुणी बोललं का नाही?”

“काय बोलायचं? तो उठला असता तर बसलं कोण असतं?” मग आधण खाली उतरवून — “मीही नाही बोलले, ट्वायला. तुला माझ्यावर रागवायचं तर रागव.”

रागावले. अंडी न घेता आले. चांगुलपणा म्हणे! म्हाताऱ्याचं मन दुखू नये म्हणून अख्खं गाव गप्प. मार्लिसचा जीव स्वस्त होता, एमिलचं मन महाग.

२ मे, शुक्रवार

केंटच्या दुकानात गेले. टायरच्या ढिगाआड नेऊन बोललो. म्हटलं, त्याला खाली उतरव, नाहीतर मी जिल्ह्याला कळवते, वर्तमानपत्रालाही कळवते. तो बराच वेळ हात पुसत राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला, तोंड उघडलं आणि मिटलं.

“आणि टेकडीवर कोण बसणार, बाई?”

“मी. मला दिसतं.”

संध्याकाळी फोन आला. एमिल उतरला. वाटलं होतं बरं वाटेल. भांडी घासली, दोनदा.

४ मे, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर मी आणि माझी पर्स. बाकी सगळे पलीकडे सरकले. अर्डिथ मात्र काठी टेकत आली, शेजारी बसली, आणि अख्खी प्रार्थना एक शब्द बोलली नाही.

दुपारी एमिल चालत आला — चालत! — आणि पायरीवर दुर्बीण ठेवली. ब्लांशची. पट्ट्यावर तिचं नाव शिवलेलं. मी दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही.

“तू गाडीत बसलीस तेव्हाच कळलं होतं मला, कशाला आलीस ते,” तो म्हणाला.

“मग बसू कशाला दिलंत?”

“जागा रिकामी होती.”

तो वळला, पायरी पायाने चाचपली, उतरला. खाली जाऊन म्हणाला, “खिडकी उघडी ठेवत जा.” मी दार लावलं.

२० मे, मंगळवार

एकटी. दोन वादळं उत्तरेकडून गेली. एक भिंत ढग मला दिसला — खाली उतरलेला, हळूहळू फिरणारा, सोंड ज्यातून निघते तसा — मी सांगितलं, केंटने भोंगा वाजवला, शेजारच्या तालुक्यात सोंड उतरली, मोकळ्या रानात. हवामान कार्यालयाने आभार मानले. कॉफीच्या दुकानात आज दोघंजण मला बघून टोपीला हात लावून गेले. बघा म्हणावं! डोळे असले की काय होतं ते!

२६ मे, सोमवार

मृतांचा दिवस. सगळं गाव टेकडीवर. कॉफीच्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून त्यात पिओनीची फुलं, थडग्याथडग्यावर. मार्लिसला गुलाबी आवडायची. तिला सांगितलं — तुझी जागा आता मी राखते. इथून ओढा लख्ख दिसतो.

एमिल ब्लांशपाशी उभा होता. त्याचा डबा वाऱ्याने कलंडला तर शोधत बसला, दोन हातांवर होता तरी. अर्डिथने उचलून दिला. मी नाही गेले.

अर्डिथला घरी सोडलं. म्हणाली, तळघराच्या दाराला लायलने नवी कडी बसवली आहे, पण दार जड. भोंगा जरा लवकर वाजवायला सांग हो केंटला, मला वेळ लागतो. दोघी हसलो.

९ जून, सोमवार

लिहायलाच हवं. कालचं.

काल दुपारी आभाळ पश्चिमेकडे काळं झालं, मी टेकडीवर गेले. गाडीचं तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू, सगळं नीट. गारा आल्या, अंड्याएवढ्या. काच लावली. कुणीही लावली असती.

समोर पावसाची राखाडी भिंत. शेतं गेली, ओढा गेला, अर्डिथचा गोठा गेला — सगळं तिच्यामागे. दुर्बीण लावली, इंच इंच बघितलं. सोंड नाही. भिंत ढग नाही. फिरणारं काही नाही. चिंध्याही नाहीत. केंटने रेडिओवर विचारलं, दिसतंय का काही? मी म्हटलं, ‘टेकडी. फक्त पाऊस दिसतोय.’

म्हटल्यावर माझंच मला ऐकू आलं.

आणि मग ते डबे. मृतांच्या दिवसाचे, फुलं सुकलेले, कुणी अजून उचलून नेले नव्हते. ते घरंगळायला लागले. पावसाकडे! पाऊस येतो तेव्हा वारा त्यातून बाहेर येतो, आपल्या अंगावर. हा आत ओढत होता. डबे एकामागून एक गाडीखालून पश्चिमेला चालले होते. माझ्या कानांत दडे बसले. वाटलं — आत काहीतरी आहे.

वाटलं. दिसलं नाही.

केंटने पुन्हा विचारलं, “नक्की ना, बाई?” — आणि मी म्हटलं, “जे दिसतंय ते सांगतेय.”

मग पावसाच्या आत, खाली जमिनीजवळ, निळाहिरवा लखलखाट झाला. विजेच्या तारा तुटतात तेव्हा होतो तसा. अर्डिथच्या घरापाशी. मी ओरडले, केंटने बटण दाबलं. भोंगा वाजत राहिला.

ती तळघराच्या दारापर्यंत पोचली होती. कडी उघडली होती.

१० जून, मंगळवार

फ्रिजमध्ये तिची अंडी आहेत. फेकवत नाहीत, खाववत नाहीत.

१२ जून, गुरुवार

अर्डिथला पुरलं. टेकडीवरच, आणखी कुठे?

लायल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत. हळू आवाजात बोलला, ओरडला असता तर बरं झालं असतं.

“बाई, काय दिसलं तुम्हाला?”

“पाऊस.”

“फक्त?”

“फक्त पाऊस.”

“तुमचे डोळे तपासलेत का कधी?” मी म्हटलं, चांगले आहेत. “मग?” तो म्हणाला. तो निघून गेला. बायका म्हणाल्या, बिचारी ट्वायला. बिचारी! मला!

घरी निघाले तर केंट गाडीपाशी थांबला होता, नव्या कोटात घामाघूम. म्हणाला, सांगायचं राहून गेलंय, वर्ष झालं. मार्लिसच्या दिवशी एमिल ‘फक्त पाऊस’ एवढंच म्हणाला नव्हता. पुढे म्हणाला होता — “पण मला हे बरं वाटत नाही, केंट. वाजव.” आणि केंटने वाजवला नाही. आदल्या वर्षीचं हसं आठवलं. वाटतं ते नियमात बसत नव्हतं.

त्याच्या थोबाडीत मारली. शाळेत असताना कधी मारली नव्हती ती आज मारली. तो तसाच उभा राहिला. मग मला कळेना, मी कुणाला मारतेय. एमिलने निदान ‘वाजव’ म्हटलं होतं.

१५ जून, रविवार

एमिलकडे गेले. दार उघडंच होतं. पावलांवरून ओळखलं त्याने. विचारलं — वर्षभर मी तुमच्याकडे विषारी नजरेने बघतेय, एकदा तरी सांगायचं नाहीत का, की भोंगा केंटने वाजवला नाही?

“तुझी नजर मला कुठे दिसते?” म्हणाला. हसला नाही. मग — “गावाने केंटला फाडून खाल्लं असतं. भोंगा कुणी सांभाळला असता?”

पुन्हा तेच. कोण बसणार, कोण सांभाळणार. आमच्या गावात माणसं इतकी कमी आहेत की चुकलेल्यालाही काढता येत नाही. मी काढला. काढून दाखवला.

त्याने कॉफी ओतून घेतली. मग त्याने विचारलं, “काय दिसत होतं?”

सांगितलं. सगळं. गारा, काच, राखाडी भिंत. डबे सांगितले.

“डबे कुठे चालले होते?”

“पावसाकडे.”

त्याने टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. बोलायला हवं होतं त्याने, मी वाट बघत होते. शेवटी मीच उठून त्याच्या कॉफीचा कप धुतला आणि घरी आले.

३० जून, सोमवार

केंटला म्हटलं, मी उतरते. तो म्हणाला, आणि बसणार कोण?

संध्याकाळी टेकडीवर गेले. काच खाली. हात बाहेर, वारा कुठे ओढतोय ते कळायला.

१० मार्च, मंगळवार

पुन्हा वर्ग भरला. चिली केली, रोल केले. या वर्षी एकच नवं नाव — लायल. पुढच्या रांगेत बसला, ताटाला हात लावला नाही. केंटने विचारलं, कुणाच्या गाडीत बसतोस? त्याने माझ्याकडे न बघता माझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, थर्मास आण.